‘ग्राही’ की ‘ग्राहक’? आणि ‘मेलॅनोकॉर्टिन’चे मराठीत काय करावे?

प्रश्न : भाषांतरकार, सोलापूर
ज्या मुलांना अगदी लहानपणापासून अनावर भूक लागते आणि त्यामुळे ज्यांचे वजन वाढत जाते, त्यांच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक मी मराठीत करीत आहे. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मेलॅनोकॉर्टिन ४ रिसेप्टर’ हा शब्द येतो. ‘रिसेप्टर’साठी जुन्या विज्ञानलेखनात वाचलेला ‘ग्राहक’ हा शब्द मी योजला. मसुदा पूर्व भागातील एका आईंना वाचून दाखवला, तेव्हा ‘मेंदूतील ग्राहक नीट काम करीत नाही’ या वाक्याशी त्या थांबल्या आणि ‘ग्राहक म्हणजे चादरी घ्यायला येतो तोच ना?’ असे त्यांनी विचारले. ‘ग्राही’ म्हणून पाहिले, तर त्यांना काहीच बोध होईना. कोणता शब्द ठेवावा?

निवृत्त संस्कृत शिक्षक
‘ग्राही’ हाच शब्द योग्य आहे. ‘ग्रह्’ म्हणजे धरणे; रक्तातून किंवा शेजारच्या पेशीकडून आलेला रेणू जो धरतो आणि त्याचा निरोप पेशीच्या आत पोचवतो, तो ग्राही. ‘ग्राहक’ व्यापाराने केव्हाच नेला, तो परत मिळणार नाही. ‘मेलॅनोकॉर्टिन’चेही भाषांतर व्हावे असे माझे मत आहे. ग्रीक ‘मेलास’ म्हणजे काळा, लॅटिन ‘कॉर्टेक्स’ म्हणजे झाडाची साल, म्हणून ‘कृष्णवल्क-ग्राही’ म्हणावे. ‘मेलास’ आणि आपला ‘मलिन’ एकाच मुळातून आले असावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिका
सर, व्युत्पत्ती आपण सांगता तशीच आहे, परंतु तिच्यावरून शब्द घडवला तर वाचकाची दिशाभूल होईल. हे ग्राही पाच प्रकारचे आहेत आणि त्यांतील पहिल्याचाच त्वचेच्या व केसांच्या रंगाशी मुख्य संबंध आहे. त्याचे काम मंदावले की काळ्या-तपकिरी रंगद्रव्याऐवजी लालसर-पिवळे रंगद्रव्य अधिक तयार होते, आणि युरोपीय वंशाच्या अनेकांचे केस लाल असण्याचे कारण हेच. दुसरा अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावर बसलेल्या ‘ॲड्रिनल’ ग्रंथीच्या) बाहेरच्या थरात असतो व कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करवतो. तिसरा आणि चौथा मेंदूत भूक व ऊर्जेचा हिशेब पाहतात, तर पाचवा तैलग्रंथींसारख्या ग्रंथींमध्ये आढळतो. ‘मेलॅनोकॉर्टिन’ हे नाव पडले ते निरोप आणणाऱ्या रेणूंवरून, कारण ते सारे एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत. भुकेने कासावीस झालेल्या मुलाच्या आईला ‘कृष्णवल्क’ कशासाठी सांगायचे? शिवाय त्वचेच्या रंगाचा ‘मलिन’शी संबंध जोडणे, मूळ एक असले तरी, मला योग्य वाटत नाही.

परिचारिका
रंगाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझे मामा काही महिन्यांत काळवंडत गेले. सोलापूरचे ऊन, त्यात दिवसभर सायकलवर फिरणे, म्हणून घरात सगळ्यांनी ‘ऊन लागले’ असेच म्हटले. परंतु हातावरच्या रेषा आणि हिरड्याही काळ्या पडल्या होत्या, आणि हिरड्यांना ऊन लागत नाही. तपासणीत क्षयाने अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्याचे आढळले. कॉर्टिसॉल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ‘अजून तयार करा’ असा निरोप जोराने पाठवीत राहते. दुसऱ्या ग्राहीसाठी निघालेला तो निरोप इतका वाढतो की त्वचेतील पहिला ग्राहीही त्याने जागा होतो. इंग्रज डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार वर्णिला, तेव्हा यांतले काहीच ठाऊक नव्हते. आमच्या वॉर्डात आम्ही ‘रिसेप्टर’च म्हणतो आणि नातेवाइकांना ‘कुलूप-किल्ली’ सांगतो.

निवृत्त संस्कृत शिक्षक
मामांची हकीकत वाचून वाईट वाटले. पण ‘रिसेप्टर’च म्हणायचे हे मला मान्य नाही. ‘संप्रेरक’ शब्दही एकेकाळी असाच परका वाटला असेल, आज शाळेतील मुले तो सहज लिहितात. शब्द वापरला नाही तर तो रुळणार कसा?

यंत्रमाग कारखान्यातील हिशेबनीस
मला वाटते, नाव रोगाला हवे, ग्राहीला नव्हे. आपल्याकडे ‘भस्म्या’ हा शब्द आहे. तीन कडक भाकऱ्या आणि वाटीभर शेंगाचटणी संपवून पुन्हा ताट पुढे करणाऱ्याला माझी आजी ‘भस्म्या झालाय’ म्हणायची. पालकांना याहून स्पष्ट काय असणार?

शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिका
वैद्यकातील ‘भस्मक’ वेगळा आहे. त्यात जठराग्नी अन्न जाळून टाकतो आणि रोगी वाळत जातो. इथे खाल्लेले अंगी लागते. ही मुले वजनाने वाढतात, अनेकदा उंचीनेही पुढे असतात. चरबीतून निघणारे लेप्टिन ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवते आणि तो निरोप पुढे चौथ्या ग्राहीपाशी येतो. तिथे ग्राहीच सदोष असेल, तर तृप्ती पोचत नाही. आई-वडिलांकडून आलेल्या दोन जनुकप्रतींपैकी एक बिघडली तरी परिणाम दिसतो, हे १९९८ मध्ये उघड झाले. म्हणून मी ‘तृप्तीचा ग्राही’ असे सुचवीन.

भाषांतरकार
‘भस्म्या’ मला वेगळ्याच कारणाने नको वाटतो. त्या आईंच्या मुलाला शेजारीपाजारी ‘खादाड’, ‘अधाशी’ म्हणतात, आणि वळण लावले नाही म्हणून बोल आईला लागतो. ‘भस्म्या’ त्याच पंक्तीत बसेल, अशी मला भीती वाटते. ‘तृप्तीचा ग्राही’ मला आवडला, मात्र इतर चार ग्राहींचा उल्लेख पुढच्याच पानावर आहे, तिथे तो कसा चालेल?

यंत्रमाग कारखान्यातील हिशेबनीस
‘खादाड’ हा स्वभाव झाला, ताई. ‘भस्म्या’ हा रोग आहे. आजी तो शब्द उच्चारताना रागावत नसे, काळजीने देवापुढे अंगारा काढून ठेवत असे. आणि तो मुलगा वाळतो की सुटतो, याकडे तिचे लक्ष नसे. ती त्याच्या ताटाकडे पाहत असे.