माकडतापाच्या अभ्यासाला मेंदू, प्रथिनं आणि नकाशे तिन्ही कशाला?

वाळपईकर: आमची काजूची बागायत जंगलाला टेकून. मार्चात बोंडं वेचताना मोहरीएवढ्या गोचिडी पोटऱ्यांवर चढतात. भाची म्हणते, माकडतापावर संशोधन करायचं तर तीन वेगवेगळे विषय लागतात. ताप तो ताप, डॉक्टर पुरे नाही?

पणजीचा पाव: नाही हो. गोचिडी चावून माणसाला होणाऱ्या या तापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला. ताप उतरला की माणूस सुटलो म्हणतो, पण काहींना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा भरतो. मान ताठते, हात थरथरतात, भ्रम होतो. तिथे मेंदूवालाच लागतो.

प्रथिनवेडी: माझा प्रांत! विषाणूच्या कवचावरचं ई-प्रथिन पेशीला चिकटतं. पेशी त्याला आत ओढते, तिथली आम्लता लागली की प्रथिन आकार बदलतं आणि कवच पेशीच्या पडद्याशी एकजीव होतं. हा आकार नेमका कळला तर अडवायचं कुठे ते ठरतं. जुन्या लशीचा असर लवकर ओसरायचा, म्हणून हा खटाटोप.

नकाशेवाला: गंमत काठावर आहे. जंगल तोडून बागायत झाली त्या कडेला धोका जास्त. गुरांमुळे विषाणू वाढत नाही, गोचिडी मात्र वाढतात. जंगल, गुरं, उंची असं सगळं गणितात घालतो. माकडं या तापाने मेली की विषाणू तिथे आहे हे कळतं, पण मेलेलं माकड कुणी कळवलंच नाही तर आमचा नकाशा कोराच!

वाळपईकर: म्हणजे गुरं बागेत सोडायची नाहीत? मग शेणखत काय तुम्ही पाठवणार?