कॅटानमधले फासे काढून ३६ पानांची गड्डी वापरावी का?

षटकोन

माझं मत आधीच सांगून टाकतो: वापरावी.

ज्यांनी क्लाउस टॉयबरचा कॅटान (१९९५) खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ षटकोनांचं बेट. वाळवंट सोडून बाकी १८ षटकोनांवर २ ते १२ मधला एकेक आकडा, ७ कुणावरच नाही. पाळी आली की दोन फासे टाकायचे. बेरीज येईल त्या आकड्याच्या षटकोनाला लागून ज्याची वस्ती त्याला एक माल, शहर असेल तर दोन. ७ आला तर कुणालाच काही नाही, उलट हातात सातपेक्षा जास्त माल असलेल्याने निम्मा टाकायचा आणि ज्याची पाळी तो दरोडेखोर हलवतो; तो ज्या षटकोनावर बसेल त्याचा माल बंद. जो आधी १० गुण करेल तो जिंकला.

८ हा आकडा ३६ शक्यतांपैकी ५ वेळा येतो. चौघांच्या डावात साठेक दानं पडतात असं धरा, म्हणजे ८ सरासरी आठ वेळा. प्रत्यक्षात पाच वेळा आला किंवा अकरा वेळा आला तरी त्यात नवल काही नाही. पण माझी तक्रार एकूण किती वेळा आला याबद्दल नाही, कधी आला याबद्दल आहे. पहिल्या २० दानांत ८ एकदाही न पडण्याची शक्यता ५ टक्के आहे. ६ आणि ८ यांतला एक तरी पूर्ण गायब राहण्याची जवळपास १० टक्के. आणि याच २० दानांत तिसरी वस्ती (पहिल्या दोन सुरुवातीलाच लावलेल्या असतात) कुणाची कुठे होणार हे ठरतं. तिथे मागे पडलेला पुढे चांगली दानं पडूनही मागेच राहतो, कारण मोक्याचे कोपरे गेलेले असतात.

उपाय सोपा आहे. ३६ पानं करायची: २ आणि १२ चं एकेक, ३ आणि ११ ची दोन-दोन, ४ आणि १० ची तीन-तीन, ५ आणि ९ ची चार-चार, ६ आणि ८ ची पाच-पाच, ७ ची सहा. पिसायची, पाच पानं न बघता बाजूला ठेवायची, उरलेली ३१ एकेक उघडायची. संपली की सगळी ३६ एकत्र करून पुन्हा पिसायची. यात पहिल्या २० पानांत ८ न येण्याची शक्यता १.२ टक्क्यावर येते. नशीब राहतं, अन्याय कमी होतो.

कच्चा_लिंबू

साफ विरोध. तुम्ही ज्याला अन्याय म्हणताय तो बऱ्याचदा वस्ती लावणाऱ्याचाच निर्णय असतो.

समजा एकाने दोन वस्त्या लावल्या, एक ६-९-४ या तीन षटकोनांच्या कोपऱ्यावर आणि दुसरी ८-५-१० वर. आकड्यांच्या टिकल्यांवरचे ठिपके मोजा (३६त तो आकडा जितक्या वेळा येतो तितके ठिपके): ५+४+३ आणि ५+४+३, एकूण २४. दुसऱ्याने दोन्ही वस्त्या ६-९-४ वरच लावल्या (या आकड्यांच्या दोन-दोन टिकल्या असतात, त्यामुळे पटाने साथ दिली तर हे जमतं). त्याचेही ठिपके २४च. सरासरी उत्पन्न अगदी सारखं. आता चार दानांच्या एका फेरीत हाताला काहीच न लागण्याची शक्यता बघा. पहिल्याची १.२ टक्के, दुसऱ्याची जवळजवळ २० टक्के! दुसऱ्याला जेव्हा मिळतं तेव्हा दुप्पट मिळतं, हे खरं. पण मधल्या कोरड्या फेऱ्या त्याने स्वतः पत्करलेल्या असतात.

आकडे पसरून लावायचे की एकवटायचे, हा कॅटानमधला सर्वांत पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा निर्णय. गड्डी आणली की प्रत्येक आकडा वेळच्या वेळी येतो, मग एकवटण्यातला धोकाच जातो. खेळातला एक प्रश्न पुसून टाकायचा आणि त्याला न्याय म्हणायचं?

वाळवंटी

रडीचा डाव खडी. फासे उलटे पडले म्हणून फासेच बदलायचे!

सोंगटी

टोमणे राहू द्या. दोघेही एक गोष्ट गाळताय. नशीब निर्णयाच्या आधी येतं की नंतर, यावर सगळं अवलंबून असतं.

स्टेफान फेल्डच्या कॅसल्स ऑफ बर्गंडीत (२०११) फासे आहेतच, आणि फेऱ्या २५. पण प्रत्येकजण आपले दोन फासे आधी टाकतो आणि मग त्यांचं काय करायचं ते ठरवतो. आकडा जुळत नसेल तर एक कामगार खर्चून तो एकने वर किंवा खाली सरकवता येतो, ६ वरून थेट १ वरही जाता येतं. अगदीच निरुपयोगी फासा असेल तर तो देऊन दोन कामगार घ्यायचे. म्हणजे वाईट दानाचीसुद्धा काहीतरी किंमत वसूल होते.

कॅटानमध्ये वस्ती लावली तेव्हा निर्णय झाला, दान नंतर पडतं आणि त्यावर कुणाचा हात चालत नाही. खरी उणीव ही आहे. ती फासे ठेवून भरून काढता येते, किंवा पानं आणूनही तशीच राहू शकते. फक्त उत्पन्न सपाट केल्याने खेळणाऱ्याच्या हातात काय आलं?

षटकोन

@सोंगटी, हातात आलं ना. किती पानं उघडली गेलीत हे दिसतं, त्यावर अंदाज बांधता येतो. २० पानं झाली आणि त्यात चार अठ्ठे येऊन गेले, तर पुढच्या पानाला ८ येण्याची शक्यता १६त एक, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. फाशांवर ती कायम १४ टक्के. मग ८ वर शहर आत्ता करायचं, की आधी दुसरीकडे रस्ता टाकायचा? निर्णयासाठी नवी माहितीच मिळाली.

कच्चा_लिंबू

आणि हीच माहिती ७ च्या बाबतीत काय करते ते लिहायचं राहिलं.

सहाही सत्ते निघून गेले की पुन्हा पिसेपर्यंत हातात पंधरा माल धरा, कोण विचारतो? ७ ची भीती हा या खेळातला ब्रेक आहे. शहराला तीन खनिज आणि दोन गहू लागतात, ते जमवताना हातात आठवा माल आला की धाकधूक होते. म्हणून माणूस घाईने रस्ता बांधतो, तोट्यात सौदा करतो, बँकेत चारास एक देतो. ही धाकधूक गेली की साठेबाजी सुरू. शिवाय दरोडेखोराचं काय? संपलेल्या आकड्यावर तो बसवण्यात अर्थ नसतो, म्हणून मोजणारा तो बरोबर उरलेल्या आकड्यावर नेतो आणि न मोजणारा तोंडघशी पडतो. फाशांपुढे सगळे सारखे. गड्डीपुढे ज्याची स्मरणशक्ती चांगली त्याचा फायदा, आणि स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला कॅटान कुणी काढत नाही.

पानपिश्या

निघालेली पानं उताणी, आकडेवार मांडून ठेवली की स्मरणशक्तीचा मुद्दा निकालात निघतो. सगळ्यांना सगळं दिसतं. सत्त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो तसा सुटत नाही.

तोवर गड्डी करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जाड कागदावर पेनने आकडे लिहिले तर ते मागून उमटतात, आणि दोन-चार डावांत १२ चं पान पाठीवरूनच ओळखू येतं. मागची बाजू अपारदर्शक असलेली कव्हरं घ्या. ६३.५ × ८८ मिमी मापाची नेहमीची चालतात आणि आत जुन्या पत्त्यांची पानं सरकवून आकडा पुढून लावता येतो. ६ आणि ९ खाली रेघ मारा, नाहीतर उलटं धरलेल्या पानावरून वाद ठरलेला. आकडेवार मांडलेली पानं तशीच गोळा करून दोनदा वरवर पिसली तर सगळे सत्ते एकमेकांना चिकटून येतात. आधी टेबलावर पसरून कालवा, मग सहा-सात वेळा नीट पिसा. पानं ढिगांत वाटून पुन्हा गोळा करणं म्हणजे पिसणं नव्हे, त्याने फक्त क्रम एका ठरावीक पद्धतीने बदलतो.

वाळवंटी

मग ७ आला की लगेच सगळी गड्डी पुन्हा पिसा. सत्ते कधीच संपणार नाहीत. झालं?

पानपिश्या

@वाळवंटी, नाही झालं. दोन गोष्टी बिघडतात.

३६ पानांत ६ सत्ते असतील तर पहिला सत्ता सरासरी ३७ ÷ ७, म्हणजे ५.३ व्या पानाला येतो. फाशांवर तो सरासरी सहाव्या दानाला येतो. तिथेच पिसायचं ठरवलं की ७ चं प्रमाण १६.७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या जवळ जातं. दरोडेखोर वाढले. आणि दर पाच-सहा पानांनी गड्डी नवी होत असेल तर ८ चा दुष्काळ टाळणारी गड्डीची आठवणच पुसली जाते. म्हणजे फाशांसारखाच लहरीपणा, वर पिसण्याची मेहनत.

सोंगटी

मॅट लीकॉकच्या पँडेमिकमध्ये (२००८) याच प्रश्नाला बरं उत्तर आहे. साथीची पानं सरळ गड्डीत टाकत नाहीत. गड्डीचे सारखे ढीग करायचे, प्रत्येकात साथीचं एक पान मिसळायचं, ढीग वेगवेगळे पिसायचे आणि एकावर एक रचायचे. संकटं अंदाजे ठरलेल्या अंतराने येतात, तरी एका ढिगाच्या तळाशी आणि पुढच्याच्या डोक्यावर अशी लागोपाठ दोन येऊ शकतात.

तसंच इथे करा: ७ सोडून उरलेल्या ३० पानांचे पाच-पाचचे सहा ढीग, प्रत्येकात एक सत्ता.

कच्चा_लिंबू

पँडेमिकमध्ये सगळे एका बाजूला असतात, म्हणून ते चालतं. इथे ढिगातलं पहिलंच पान ७ निघालं तर पुढची पाच पानं निर्धास्त, हे सगळ्यांना ठाऊक. आणि पाच पानं निघाली, सत्ता आला नाही, तर सहावं पान ७च. ज्याच्या पाळीला ते येणार त्याला दरोडेखोर फुकटात, आधीपासून माहीत असलेला. बाकीचे त्याच्या आधी हात रिकामे करणार. यात नशीब कुठे उरलं?

षटकोन

ढिगांची कल्पना सोडली, ती जमत नाही. गड्डी सोडलेली नाही. बाजूची पाच पानं वाढवून बारा करा. २४ पानं खेळायची आणि पिसायचं. सहाही सत्ते २४ पानांत येऊन जाणं तसं क्वचितच घडतं, त्यामुळे निर्धास्त कुणीच होत नाही, आणि लांबलचक दुष्काळही टळतो.

तिठ्यावरची_वस्ती

पानं करण्यापेक्षा भरपाई द्या की. कॅटानच्याच एक्सप्लोरर्स अँड पायरेट्स या विस्तारात दानातून ज्याला काही मिळालं नाही त्याला एक सोनं मिळतं, दोन सोन्यांना एक माल. सिटीज अँड नाइट्स या दुसऱ्या विस्तारातही जलवाहिनीची सुधारणा आहे, दानातून रिकाम्या हाताने राहिलात तर हवा तो एक माल घ्या. फासे तसेच राहतात आणि कोरडं कुणी राहत नाही.

सोंगटी

मूळ खेळात हे तसंच उचलून आणलं तर उलटं होतं. कच्चा_लिंबू यांचंच वरचं उदाहरण घ्या. २४ ठिपके सहा आकड्यांवर पसरलेल्याला ७ सोडून ३६त ६ दानं रिकामी जातात. तीन आकड्यांवर एकवटलेल्याला १८. दोघांचं मूळ उत्पन्न दर दानाला ०.६७ माल. दोन सोन्यांना एक माल या हिशेबाने पहिल्याला वर ०.०८ मिळतात, दुसऱ्याला ०.२५. म्हणजे ०.७५ विरुद्ध ०.९२. धोका पत्करणाऱ्याला वीस टक्क्यांहून जास्त बक्षीस! सगळेच एकवटून बसतील. जलवाहिनीचं वेगळं आहे, ती कमवावी लागते, त्यासाठी आधी खर्च करावा लागतो. एक्सप्लोररचा पट आणि गुणांची रचनाही वेगळी आहे. सुटा नियम उचलला की त्याच्यामागचं बाकीचं गणित तिथेच राहतं.

कच्चा_लिंबू

तक्रार सुरुवातीच्या दुष्काळाचीच असेल तर सुरुवातच दुरुस्त करा. नियमाप्रमाणे फक्त दुसऱ्या वस्तीचा माल हातात मिळतो. दोन्ही वस्त्यांचा द्या. सहा माल हातात, पहिल्या दोन फेऱ्यांत ७ आला तर दान पुन्हा टाकायचं, पुढे फासे जसे पडतील तसे. एक गड्डी नको, कव्हरं नकोत.

षटकोन

सहा माल? रस्त्याला एक वीट आणि एक लाकूड. वस्तीला वीट, लाकूड, गहू, लोकर. दोन वस्त्यांमध्ये किमान दोन कडांचं अंतर लागतं आणि एक रस्ता मांडणीतच मिळालेला असतो, म्हणजे तिसऱ्या वस्तीला एकच रस्ता कमी. बेरीज बरोबर सहा. पहिल्या पाळीवाल्याकडे दोन विटा, दोन लाकडं, एक गहू, एक लोकर असेल, किंवा एखाद्या सौद्याने तेवढं जमलं, तर बाकीच्यांनी एकही दान टाकण्याआधी त्याची तिसरी वस्ती उभी. फाशांनी केलेला अन्याय निदान सगळ्यांना आळीपाळीने होतो.

पानपिश्या

मग पहिल्या दोघांना नेहमीसारखा दुसऱ्या वस्तीचाच माल द्या आणि तिसऱ्या-चौथ्याला दोन्ही वस्त्यांचा. विटांचे षटकोन तीनच आहेत, लाकडाचे चार. दोन्ही वस्त्या विटेला लागून असलेला एखादाच सापडेल, आणि तो पहिल्या पाळीचा नसेल एवढं बघायचं.