मदत हवी आहे: ६६ वर्षांच्या आईला घेऊन वाई–मेणवली–धोम सायकलवरून जायचंय, अगदी निवांत

नमस्कार मंडळी,

आईचं माहेर वाई. शाळेत असताना मामाच्या दांडीच्या सायकलवर ती आधी हाफ पायडल आणि मग सीटवर बसून शिकली, आणि ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, धोम हा सगळा पट्टा तिने मैत्रिणींबरोबर सायकलवरच पाहिलेला आहे. लग्न होऊन ठाण्याला आली आणि सायकल जी सुटली ती सुटलीच. आम्ही दरवर्षी मामाकडे जातो, गाडीने मेणवलीला पण जाऊन येतो, पण यंदा तिने स्वतःहून सांगितलं की मला गाडीतून नको, काच खाली करेपर्यंत गाव मागे जातं, मला सायकलवरच जायचंय आणि वाटेल तिथे उतरायचंय. मला हे इतकं आवडलंय की काहीही करून जमवायचंच असं ठरवलंय.

वेळ कोजागिरी ते दिवाळीच्या मधली धरलीये. पाऊस बहुतेक आटपलेला असतो, नदीला पाणी असतं, डोंगर अजून हिरवे असतात, पांडवगड वैराटगड सकाळी एकदम स्वच्छ दिसतात आणि भात पिवळं पडायला लागलेलं असतं. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते आणि रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, त्या लांबच्या लांब ट्रॉलीशेजारून आईने सायकल चालवायची म्हणजे मला नाही बघवणार, म्हणून त्याच्या आधीच.

प्लॅन साधा आहे. मामाचं घर गणपती आळीच्या जवळच आहे तर पहाटे उठून आधी ढोल्या गणपतीला नमस्कार, मग मेणवली साधारण ३ किमी, तिथे घाटावर भरपूर वेळ बसायचं, आईला पाण्यात पाय सोडायचेच असतात, आणि ती घंटा बघायची जी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आली, तिच्यावर १७०७ साल कोरलंय आणि मेरी-येशू पण आहेत, आई लहानपणी त्यावर हात फिरवून आकडे वाचायची म्हणे. नंतर दम असेल तर धोम, वाईपासून एकूण ८ किमीच्या आसपास, नरसिंहाचं देऊळ आणि तो कासवाच्या पाठीवरचा नंदी. दम नसेल तर मेणवलीहूनच परत, मामेभाऊ गाडी घेऊन येईल, पण तो मागे मागे यायला नको असं आईने बजावून सांगितलंय.

आता मदत कुठे हवी ते. आईची तब्येत चांगली आहे, बीपीची एक गोळी आहे, डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सायकल चालवू देत, फक्त दमछाक नको. उजवा गुडघा जिने उतरताना थोडा दुखतो. कुठली सायकल घेऊ, बिनदांडीची साधी लेडीज सायकल की गिअरवाली की बॅटरीवाली? इतक्या वर्षांनी परत शिकायचं तर सुरुवात कशी करायची, कारण मी मागून कॅरिअर धरून पळणार ते काय जमणारं नाही. आणि वाईच्या बाजूचे कोणी असाल तर सध्या धोम रस्ता कसा आहे, किती वाजता निघावं? घाई नाही, हाताशी अजून दोन-अडीच महिने आहेत.

वाईकर:
ताई, वाचूनच बरं वाटलं, आईंना नमस्कार सांगा. मी याच रस्त्याने रोज जातो येतो. सगळ्यात महत्त्वाचं, शनिवार-रविवार अजिबात नको. पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईत घुसतात आणि नंतर मेणवली-धोमला पण फिरायला येतात, दिवाळीच्या सुट्टीत तर विचारू नका. मधला वार बघा, त्यातही मंगळवार आणि संकष्टी सोडून, गणपतीला गर्दी असते. उजाडता उजाडता, म्हणजे साडेसहाला बाहेर पडा, नऊच्या आत मेणवलीची मजा घेऊन झाली पाहिजे कारण ऑक्टोबरचं ऊन साडेनऊ-दहानंतर चटका देतं. सकाळी नदीवर धुकं असतं आणि काठाला पांढरे तुरे आलेले असतात, तेवढ्यासाठी तरी लवकर या.

रस्ता बराचसा सपाट आहे, आईंना जमेल. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे त्याच दिवसांत लोक सोयाबीन मळणीला आणि वाळायला डांबरावरच पसरतात, त्यावरून सायकल घसरते, सरळ उतरून हातात धरून चाला, शेतकऱ्याला पण बरं वाटतं. दुसरं, धोमला देवळापर्यंतच जा, धरणाच्या भिंतीकडे चढ आहे, तिकडे हौस नको. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून परत यायचं ते सकाळीच.

आणि ढोल्या गणपतीला गेलात की देवळाच्या मागे जाऊन बघा. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं तेव्हा मागची भिंत टोकदार काढलीये, पुराचं पाणी तिथे फाटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. बरेच जण पुढून दर्शन घेऊन निघून जातात, आईंना माहीत असेलच.

पायडल:
मी पन्नाशीनंतर परत सायकल चालवायला लागलेली बाई आहे, म्हणून हक्काने लिहिते. मागून धरून पळणं विसरा. दोन्ही पेडल काढून टाका, १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा नाहीतर जोर लावून आटे खराब कराल. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. मग सोसायटीत पायाने ढकलत ढकलत फिरू दे, दोन पाय एकदम उचलून थोडं घरंगळू दे, ब्रेक दाबून थांबू दे. तोल अंगात असतोच, भीती जायला वेळ लागतो. ती गेली की पेडल परत लावा.

पण एकदा चालवायला लागल्या की सीट हळूहळू वर घ्या, हे फार जणी करत नाहीत आणि मग गुडघे धरतात. पेडल पार खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने मारताना गुडघा किंचितच वाकतो. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, तुम्ही सांगितलेल्या दुखण्याला ते वाईट.

सायकल बिनदांडीची आणि गिअरवाली घ्या, मागे सहा-सात गिअर पुष्कळ झाले, हलक्या गिअरवर भरभर पाय मारायचे, जोर लावायचा नाही. बॅटरीवाली नको, वजन खूप असतं, थांबताना कलली तर आईंना सावरणार नाही. टायर जरा जाड बघा. चेनकव्हर हवंच, ओढणी किंवा साडीचा काठ चेनमध्ये गेला की माणूस जागच्या जागी पडतो.

धागाकर्ती:
किती छान लिहिलंत दोघांनी, मनापासून आभार! आईला सगळं वाचून दाखवलं. पेडल काढायची आयडिया ऐकून ती लगेच म्हणाली उद्याच सुरू करू. मागच्या भिंतीचं तिला माहीत होतं, पूर आला की सगळं गाव तिथे बघायला जमायचं म्हणाली, मला मात्र इतक्या वर्षांत कोणी दाखवली नव्हती. कोजागिरीनंतरचा बुधवार नाहीतर गुरुवार पक्का करतेय. ती पंजाबी ड्रेस घालेल, ओढणी घरी.

वाईकर, एक शेवटचं, सायकली इथूनच गाडीच्या कॅरिअरवर आणणार आहोत. मोटरसायकलसारखा वाल्व असलेलीच ट्यूब घेतेय म्हणजे कुठेही हवा भरता येईल, पण मेणवली ते धोमच्या मध्ये सकाळी सातच्या सुमाराला उघडं असलेलं पंक्चरचं दुकान आहे का, की पॅच, सोल्युशन आणि पंप बरोबर ठेवू?

वाईकर:
बरोबरच ठेवा ताई. इतक्या सकाळी भरवसा नाही, दुकानं नऊनंतर उघडतात. एक जादाची ट्यूब पण घ्या, रस्त्यात पॅच मारत बसण्यापेक्षा ट्यूब बदलणं सोपं.