16 फुटी फायबर बोट: तळाचा रंग सुटतोय, पुन्हा अँटीफाउलिंग मारू का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. एफआरपी (फायबर) बोट, लांबी 16 फूट, रुंदी साधारण 1.9 मीटर, मागे 40 एचपीचं आउटबोर्ड इंजिन. एरवी ट्रेलरवरच असते. शनिवार-रविवार रेवदंड्याच्या खाडीत उतरवायची आणि संध्याकाळी वर ओढायची. आधीच्या मालकाने मारलेलं निळं अँटीफाउलिंग (तळाला समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून मारायचा रंग) पापुद्रे धरून सुटतंय, खालचा पांढरा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) दिसतोय. सगळं खरवडायचं, की सुटलंय तेवढंच काढून वरून हात मारायचा? रंग किती लागेल? ट्रेलरच्या फळ्यांवर टेकलेला भाग कसा रंगवायचा?

फायबरमिस्त्री:
आधी सांगा, अँटीफाउलिंग हवंच कशाला? त्यातलं तांबं पाण्यात थोडं थोडं सुटत राहतं म्हणून बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) धरत नाहीत. रोज संध्याकाळी वर येऊन वाळणाऱ्या तळावर ते बसणार कधी? गोड्या पाण्याचा पाइप मारला की भागतं. शिवाय खडबडीत तळ म्हणजे पेट्रोल जास्त. सगळं काढा, जेलकोट धड असेल तर पॉलिश करून तसाच ठेवा.

खाडीकाठ:
हिवाळ्यात सलग दोन-तीन आठवडे नांगरून ठेवतो, तेवढाच प्रश्न.

फायबरमिस्त्री:
मग मारा. पण कडक प्रकारचं नको, ते वाळत पडलं की निकामी होत जातं. झिजत जाणारं, सेल्फ-पॉलिशिंग घ्या, आणि उन्हात पडून राहिलं तरी चालतं असं डब्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं बघून घ्या.

पापुद्रे सुटतात ते बहुतेक वेळा मेणामुळे. साच्यातून बोट काढताना लावलेलं मेण जेलकोटवर राहिलेलं असतं. ते न काढता घासायला घेतलं की मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि वरचा रंग धरत नाही. म्हणून जुना रंग खरवडून झाला की आधी डीवॅक्सर, म्हणजे मेण काढणारं द्रावण. एका फडक्याने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने एकाच दिशेने पुसायचं, फडकी सारखी बदलायची. मग पाणी ओतून बघा: एकसंध पसरलं तर ठीक, थेंब धरले तर मेण अजून आहे, पुन्हा पुसा. त्यानंतरच 80 नंबरचा पॉलिशपेपर, चकाकी जाईपर्यंत. जुना रंग कोरडा घासू नका, ती धूळ विषारी आहे. वॉटरपेपर आणि पाणी वापरा, मास्क लावा, खाली ताडपत्री टाका आणि गाळ खाडीत सोडू नका.

खड्डे गाडीच्या लांबीने (पुट्टीने) भरू नका, ती पाणी पिते. एपॉक्सी फिलरच हवा. फोड फोडल्यावर आंबूस वासाचं पाणी आलं तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरच्या आत पाणी मुरलंय; तिथे रंगकाम थांबवून तळ आधी पूर्ण वाळवावा लागेल.

नांगर_दोरखंड:
हिशोब असा: लांबी × रुंदी × 0.85. तुमचे होतात जवळपास 8 चौ. मी. लिटरला एका हातात 8 ते 10 चौ. मी. धरा, म्हणजे खालच्या एपॉक्सी प्रायमरचे दोन हात 2 लिटर, अँटीफाउलिंगचे दोन हात 2 लिटर. पुढची धार, कणा आणि पाण्याची रेघ इथे तिसरा हात लागतो, म्हणून अर्धा लिटर जास्त आणा. डबा तळापासून ढवळा, तांबं खाली बसलेलं असतं. वरवर ढवळलं तर निम्मं औषध डब्यातच राहतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या प्रायमर आणि अँटीफाउलिंगच्या मधल्या वेळेत. प्रायमरला हाताचं बोट लावल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण रंग बोटाला लागता कामा नये. त्याच वेळी अँटीफाउलिंगचा पहिला हात. रात्रभर ठेवून प्रायमर कडक झाला तर मध्ये 180 नंबरच्या पेपरने घासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फळ्यांसाठी बोट जॅकवर घ्या, पण आधार कण्याखाली आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या) कोपऱ्यांत, जाड लाकडी ठोकळा देऊन. मधल्या सपाट भागाखाली जॅक दिला तर फायबर आत दबतं. रंग पुरता वाळायच्या आत फळ्यांवर टेकवलीत तर कार्पेटच चिकटून बसेल.

फायबरमिस्त्री:
पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेत 85 टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर एपॉक्सीवर मेणचट थर येतो. मे महिन्यात तापलेल्या तळावर मारलं तर बुडबुडे धरतात. फेब्रुवारीत, सावलीत, दव सुकल्यावर सुरुवात करा आणि चारच्या आत रोलर खाली ठेवा.

आउटबोर्डच्या पायाला तांब्याचा रंग अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकेल. झिंक अ‍ॅनोडवर (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) तर कुठलाच रंग नको. फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) तळातल्या सेन्सरवर, म्हणजे ट्रान्सड्यूसरवर, टेप लावून ठेवा.