मदत हवी आहे : पडवीचा एमसीबी पाडलेला असतानाही आरसीसीबी ट्रिप होतोय

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमचं गावचं घर आहे, वायरिंग १९९४ चं. गेल्या दिवाळीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घेतला. उन्हाळाभर कुरकुर नव्हती. आता पावसाची झड लागली की विहिरीचा पंप चालू करताक्षणी खटकन पडतो. पंप दुरुस्तीवाल्याकडे नेऊन तपासला, ठणठणीत आहे. मागच्या पडवीत ओल येते म्हणून तिथला एमसीबी (त्या भागाचा आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवला, तरी तेच. गावातला वायरमन म्हणतो, "आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो." आईलाही ते पटलंय.

काल मेन पाडून पडवीचा बोर्ड उघडला. मागे मुंग्यांची माती, तारेच्या तांब्यावर हिरवट थर. सहज टेस्टर लावला तर पेटला! हात परत आत घातलेला नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
आरसीसीबी अजिबात काढू नका, तो त्याचं काम करतोय. पडवीत न्यूट्रल (करंटची परतीची तार) अर्थला लागलेला वाटतो. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल लिंकला (घरातले सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीला) जोडलेलाच राहतो. पंपाचा करंट न्यूट्रलने परतताना त्यातला थोडा पडवीतून जमिनीत जातो, आणि आरसीसीबीला जाणारा-येणारा हिशेब जुळत नाही. मोठा लोड म्हणून नाव पंपाचं!
टेस्टर पेटला म्हणता, घरात इन्व्हर्टर आहे का?

धागाकर्ता
आहे की! पडवीतला पंखा त्याच्यावरच. डोक्यातच आलं नाही.

प्रतिसाद २
मग वाचलात. मेन पाडला की इन्व्हर्टर लगेच लाईन उचलतो. आधी तो बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवायची. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं कधीच धरू नका. मल्टिमीटर आधी चालू प्लगवर बघा, मग बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा, मग पुन्हा चालू ठिकाणी. मल्टिमीटरच मेलेला असेल तर शेवटच्या फेरीत कळतं. मेन स्विचच्या वीजमीटरकडच्या टोकांना मेन पाडल्यावरही वीज असते, तिकडे बोट नको.
पुढचं काम परवानाधारक वायरमनचं, मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेला गाठा. पडवीचा न्यूट्रल लिंकवरून सोडवून ५०० व्होल्टवर अर्थशी मोजायचा. एक मेगओमच्या खाली आलं तर वायर बाद. त्याआधी एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर सगळं काढून ठेवा, नाहीतर जळेल.

धागाकर्ता
दुसरा वायरमन आणला. पडवीचं रीडिंग जवळजवळ शून्य. न्यूट्रल सोडवल्यापासून भर पावसात पंप चालतोय. आता तिथे नवीन वायर पाइपातून ओढतोय, पण बोर्ड त्याच भिंतीवर ठेवू की माजघराकडच्या कोरड्या भिंतीवर नेऊ?

प्रतिसाद १
माजघराकडे न्या. आणि जुन्या वायरची दोन्ही टोकं सोडवून टाका, भिंतीत अर्धवट जोडलेली ठेवू नका.