जीएनएमनंतर नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स: हा डिप्लोमा घ्यावा का?

कळवेकर
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एमएनसीचं (महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशन वैध आहे, बारावी आर्ट्स. ठाण्यात खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्ड. नवीन एचआयएस (हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिस्टिम) आली तेव्हा वॉर्डची सुपर युजर होते, म्हणजे बाकीच्यांना ती शिकवणारी, त्यामुळे आता याच बाजूला, नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सला (नर्सिंगच्या नोंदी आणि डेटाचं काम) जायचंय. नवी मुंबईतला एक क्लास ११ महिन्यांचा, शनिवार-रविवारचा 'बी.एस्सी. समकक्ष नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स' डिप्लोमा सांगतोय. घ्यावा, की पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं, की सरळ मेडिकल कोडिंग (निदान-उपचारांना ठरलेले कोड लावणं)? प्रोग्रॅमिंगचा गंध नाही.

केसपेपर
ताई, 'समकक्ष' या शब्दाशीच थांबा. नर्सिंगमध्ये ११ महिन्यांत बी.एस्सी.च्या बरोबरीचं काही होत नाही. जीएनएमवरून पदवीचा सरळ रस्ता म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी., दोन वर्षं. बारावी आर्ट्स असली तरी चालते. अडतं ते थेट चार वर्षांच्या बी.एस्सी.ला, तिथे पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) लागतं.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या स्पेशालिटी म्हणजे मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी, ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग), चाइल्ड आणि मेंटल हेल्थ. त्यात इन्फॉर्मॅटिक्स नाही. हा विषय आपल्याकडे कोर्सच्या आत येतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला 'हेल्थ/नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स अँड टेक्नॉलॉजी' आहे, ४० तास थिअरी आणि ४० तास लॅब. तो अभ्यासक्रम नेटवर मोफत मिळतो. त्यातली युनिटं वाचली की त्या क्लासच्या ब्रोशरमधलं किती तिथूनच उचललंय ते कळेल.

क्लासला दोनच प्रश्न लेखी विचारा. सर्टिफिकेटवर कुठल्या विद्यापीठाचं नाव असेल? आणि एमएनसी हे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवेल का? उत्तर ईमेलवर येत नसेल तर फी भरू नका. तोंडी 'हो हो, होईल' याला किंमत नाही.

पोस्ट बेसिकसाठी नेरूळ-कामोठे पट्टा बघा. कॉलेज एमयूएचएस (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ), नाशिकशी संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाचं (डी. वाय. पाटील, एमजीएम), यावर पदवी कुणाच्या नावाने मिळणार हे ठरतं आणि प्रवेशाची पद्धतही बदलते. दोन्ही चालतात, फक्त फॉर्म एकाच ठिकाणी भरून बसू नका. रेग्युलर कोर्स पूर्णवेळ असतो, क्लिनिकल पोस्टिंग धरून. 'ड्यूटी सांभाळून करता येईल' असं कोणी म्हणालं तर हजेरीचं काय, ते विचारा. दुसऱ्या वर्षाचं रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स सगळे कंटाळून काढतात, तुम्हाला मात्र तेच कामी येणार आहे.

डबलशिफ्ट
केसपेपर यांच्याशी सहमत. पदवी बढतीला आणि पुढच्या शिक्षणाला लागते. इन्फॉर्मॅटिक्सच्या मुलाखतीत मात्र वेगळंच विचारतात. एकच उदाहरण घेऊ: बीपी.

फॉर्ममध्ये बीपीसाठी एक मोकळा रकाना ठेवला की कोणी १३०/८०, कोणी १३०-८०, कोणी '१३० बाय ८० लेफ्ट आर्म' टाकतं. वाचणाऱ्याला सगळं कळतं. सिस्टिमला १६० च्या वरचे पेशंट शोधायला सांगितले की तिला काहीच सापडत नाही, कारण तिच्या लेखी ते आकडे नाहीत, मजकूर आहे. म्हणून दोन वेगळे अंकांचे रकाने हवेत, एकक ठरलेलं हवं आणि प्रत्येकाला लॉइंक (तपासण्या आणि निरीक्षणांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी) कोड हवा. सिस्टॉलिक ८४८०-६, डायस्टॉलिक ८४६२-४, दोन्ही मिळून बीपी पॅनल ८५३५४-९. तापमानाचंही तेच. सेल्सिअसच्या रकान्यात ९८.६ जातंय, म्हणजे फॉर्मला वरची मर्यादाच घातलेली नाही. सिस्टरला ओरडून ते सुटत नाही, ४५ च्या वरचा आकडा फॉर्मनेच नाकारला पाहिजे.

औषधांच्या चार्टवर याहून अवघड भानगड आहे. डोस दहाचा, दिला १०:२०ला, नोंद शिफ्ट संपताना दीडला. सिस्टिमने नोंदीची वेळच देण्याची वेळ धरली तर रिपोर्टमध्ये वॉर्डातले निम्मे डोस 'लेट' दिसतात आणि खापर नर्सिंगवर फुटतं. दिल्याची वेळ आणि नोंदवल्याची वेळ, दोन्ही रकाने वेगळे लागतात. हे डेव्हलपरला समजावणारी व्यक्ती वॉर्डातूनच यावी लागते. तुमची किंमत तिथे आहे, प्रोग्रॅमिंगमध्ये नाही.

शिकायचा क्रम मी असा ठेवेन. आधी एक्सेल नीट: पिव्हट टेबल, आणि फाईल उघडताना काय बिघडतं ते. यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) ०००४५१ चा ४५१ होतो, १४ अंकी आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक) ई+१३ असा दिसायला लागतो आणि तसाच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) सेव्ह केला की शेवटचे अंक गेलेच. ०३/०४ ही तीन एप्रिल की चार मार्च, हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. उपाय सोपा: फाईल डबल क्लिकने न उघडता इम्पोर्ट करायची आणि तो कॉलम 'टेक्स्ट' ठेवायचा.

मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. सिलेक्ट, ग्रुप बाय, लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून दुसरं जोडणं) एवढ्यावर बरंच निभावतं. त्यानंतर वैद्यकीय कोड-याद्या. आयसीडी-१० निदानाच्या आकडेवारीसाठी (आय१० म्हणजे एसेन्शियल हायपरटेन्शन), स्नोमेड सीटी क्लिनिकल नोंदीसाठी, लॉइंक तपासण्या आणि निरीक्षणांसाठी. स्नोमेडला भारतात पैसे पडत नाहीत, २०१४ पासून देश सदस्य आहे. परवाना पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएसमार्फत मिळतो. शेवटी एफएचआयआर (आरोग्य नोंदी एका सिस्टिममधून दुसरीत पाठवायचं ठरलेलं स्वरूप), कारण आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देवाणघेवाण त्यावरच चालते.

मोकळीक
कोडिंगबद्दल दोन शब्द. ऐरोली-महापे बाजूच्या ऑफिसांत जे कोडिंग चालतं ते बहुतेक अमेरिकन विमा क्लेमचं. त्यासाठीच्या सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) परीक्षेला १०० प्रश्न आणि चार तास असतात, पुस्तकं उघडून द्यायची. अनुभवाशिवाय पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए (अप्रेंटिस) लागतं. ऑपरेशन नोट वाचता येते हा नर्सचा फायदा. पण तिथे लागते ती आयसीडी-१०-सीएम, म्हणजे अमेरिकन आवृत्ती, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० पेक्षा कितीतरी बारीक, शिवाय वर सीपीटी (उपचार-प्रक्रियांचे कोड). इथल्या हॉस्पिटलची सिस्टिम सुधारायला त्याचा फार उपयोग नाही. नोकरी वेगळी, करिअर वेगळं. आणि अमेरिकेतल्या एएनसीसी या नर्सिंग प्रमाणन संस्थेची इन्फॉर्मॅटिक्स नर्स परीक्षा कोणी सुचवत असेल तर तिला आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स किंवा आपल्या देशातलं समकक्ष रजिस्ट्रेशन, शिवाय पदवी आणि इन्फॉर्मॅटिक्सचा अनुभव लागतो; नुसत्या जीएनएमवर आत्ताच फी भरायची नाही.

कळवेकर
डिप्लोमा रद्द! पोस्ट बेसिकची चौकशी सुरू करते. एकच शंका: सराव कशावर करायचा? वॉर्डचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन घरी केला तर? नावं काढून टाकीन.

डबलशिफ्ट
अजिबात नको. नाव काढलं तरी यूएचआयडी, ॲडमिशनची तारीख, वय आणि पिनकोड राहतो. ४००६०५ मधली ९१ वर्षांची बाई, अमुक तारखेला भरती, एवढ्यावर शेजारीसुद्धा ओळखतील. शिवाय डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आहे आणि नोकरीवरही बेतू शकतं. स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणंही त्यातच आलं.

सिंथिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते खोटे पेशंट तयार करतं. व्हिजिट, तपासण्या, औषधं सगळं, सीएसव्ही आणि एफएचआयआर दोन्हीत. १०० पेशंट काढा. पहिला सराव: प्रत्येक पेशंटचं शेवटचं बीपी एका ओळीत. लेफ्ट जॉइनऐवजी साधा जॉइन लावलात तर ज्यांचं बीपी घेतलेलंच नाही ते यादीतून गायब होतील. पेशंटच्या फाईलमध्ये जितक्या ओळी आहेत तितक्याच यादीत येतात का ते मोजा. कमी आल्या तर चूक तिथेच आहे.

केसपेपर
आणि सुपर युजर म्हणून जी ट्रेनिंग शीट आणि तक्रारींची यादी केली असेल ती, पेशंटचा तपशील नसलेली, इन्चार्ज सिस्टरांना विचारून जपून ठेवा. मुलाखतीला सर्टिफिकेटच्या आधी ती काढून दाखवा.