ब्लू रॅग ट्रॅकला नवी गाडी नेऊ का?

मंडळी, नमस्कार.
मेलबर्न कपनंतरच्या (नोव्हेंबरातली घोड्यांची शर्यत) शनिवारी व्हिक्टोरियातल्या दार्गो गावाकडे जायचा बेत आहे. तिथल्या डोंगरातल्या कच्च्या वाटेचे, ब्लू रॅग रेंज ट्रॅकचे, फोटो बघून राहवत नाही. अंतर तर थोडंच दिसतंय. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, लो रेंज (तीव्र चढ-उतारासाठीचे कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) नाही. चालेल ना?
– पॉइंट कुककर

*

अरे पॉइंट कुककर,
अंतरावर जाऊ नकोस. हा ट्रॅक डोंगराच्या सोंडेवरून जातो, ट्रिग पॉइंटला (मोजणीच्या खुणेपाशी) संपतो आणि आल्या वाटेनेच परत यावं लागतं. राजगडाच्या संजीवनी माचीवर दोन्ही अंगाला दरी बघत चालतो ना, तेच इथे गाडीत बसून. खरी परीक्षा सुट्ट्या दगडांच्या चढाची. आपल्याकडचा घसारा आठव! तिथे फोर-लो (चारही चाकांना लो रेंज) नसेल तर क्लच नाहीतर गिअरबॉक्स तापवून बसशील. टायरची हवा ३६ वरून २४-२५ पीएसआयवर आण, परतल्यावर भरायला कॉम्प्रेसर घे. उतरताना फोर-लो, पहिला गिअर आणि ब्रेकवर पाय अगदी हलका. इंजिनच गाडी धरून ठेवतं.

सकाळी लवकर नीघ. दुपारी समोरून पाच-सहा गाड्यांची रांग आली की अरुंद जागी रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि तिथे भल्याभल्यांची तंतरते. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. यूएचएफ रेडिओ हवाच, मोबाइलच्या भरवशावर राहू नकोस. हिवाळ्यात हा ट्रॅक बंद असतो, तेव्हा फाटक उघडलंय का ते निघायच्या आदल्या दिवशी बघ. पेट्रोल दार्गोतच भर. (तिथले अक्रोडही घे, झकास असतात.)

आणि एकटी गाडी नकोच.
– रोव्हिलकर काका

*

काकांनी सोयीस्करपणे गाळलेलं मी लिहिते. उंचवट्याच्या टोकावर पोचलं की समोर फक्त बॉनेट आणि आभाळ, पुढे रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे, काही कळत नाही. मागच्या खेपेला तीनदा खाली उतरून हातवारे करत वाट दाखवली ती मी! पण वरून वणव्यात जळलेल्या स्नो गम झाडांची पांढरी खोडं आणि मागे निळ्या डोंगरांच्या रांगा दिसल्या की भांडण विसरायला होतं. थालीपिठं थंडच खावी लागतात, वर वारा फार.
– काकू

*

काकू, तुमच्या गाडीत मागे दोघांना जागा आहे का? डबा आमच्याकडून.
– पॉइंट कुककर